संग्राह्य नव्हे!

मराठी माणूस कशाचेही परीक्षण करू शकतो. कवितासंग्रहाचे करतो, नाटकाचे करतो, गाण्याच्या मैफलीचे करतो. आणि लग्नातल्या जेवणाचे तर पानावर बसल्याबसल्याच करतो. जिलबी वाढणाऱ्याची पाठ वळायच्या आत 'पाक जरा कच्चा राहिलाय' असा अभिप्राय देऊन तिसरी जिलबी उचलणारा समीक्षक प्रत्येक पंगतीत एक तरी असतोच. फक्त खेळण्यांचे परीक्षण करायची आपल्याकडे प्रथा नाही. मुलाने खेळणे मोडायचे, आईने त्याची चाके कॉटखालून गोळा करायची आणि बापाने 'पुन्हा काही आणणार नाही' अशी प्रतिज्ञा करायची, एवढ्यात त्याचे चरित्र संपते.

पण आता खेळणी मोठी झाली आहेत, त्यामुळे गप्प बसणे कठीण झाले आहे. नवी सांगवीत आमच्या ताईच्या घरी दिवाळीच्या सुट्टीत एका मोटारीची उभारणी झाली. 'उभारणी' हा शब्द मी जपून वापरतो. पूल उभारतात, मांडव उभारतात, निधी उभारतात. इथे तिन्ही गोष्टी झाल्या. निधी मेहुण्यांनी उभारला (तो किती, हे ताईला अजून सांगितलेले नाही), मांडव जेवणाच्या टेबलावर पडला आणि घरातली माणसे नऊ दिवस जमिनीवर पाटावर बसून जेवली. मोटार म्हणजे 'बुगाटी शिरॉन'. प्लॅस्टिकचे तुकडे ३,५९९, लांबी ५६ सेंटिमीटर, प्रमाण खऱ्या गाडीच्या एकअष्टमांश. उभारणारा आमचा भाचा, वय वर्षे सतरा, डिप्लोमाचे दुसरे वर्ष.

परीक्षणात आधी लेखकाचा परिचय द्यायची रीत आहे, म्हणून देतो. लेखक डेन्मार्कचे, मुक्काम बिलुंड. १९३२ साली ओले किर्क क्रिस्तियानसेन नावाच्या सुताराने लाकडी खेळण्यांवर सुरू केलेला हा कारखाना. 'लेगो' हे नाव 'चांगलं खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांचे तुकडे जोडून झाले आहे. म्हणजे जोडाजोड नावापासूनच. आज आपण पाहतो तो बोंडांचा ठोकळा १९५८ सालचा. त्या सालचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बिनबोभाट बसतो. आमच्याकडे गेल्या वर्षीच्या डब्याला त्याच दुकानातले यंदाचे झाकण बसत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या कामगिरीचे मोल कळते.

आता कथानक. पहिल्या अंकात गाडी दिसतच नाही. दिसतात ती फक्त दातेरी चाके, दांडे आणि पिना. खऱ्या शिरॉनला सोळा सिलिंडरचे आठ लिटरचे इंजिन असते, दीड हजार अश्वशक्तीचे. इथेही सोळा दट्टे आहेत आणि गाडी ढकलली की ते खरोखर वरखाली होतात. दुसऱ्या अंकात आठ गतींचा गिअरबॉक्स. तिसऱ्या अंकात गाडीचा पुढचा भाग आणि मागचा भाग एकमेकांत सरकवून जोडतात. या प्रसंगाला मोटारधंद्यात 'मॅरेज' म्हणतात. चाकणपासून पिंपरीपर्यंत कुठल्याही शॉपमध्ये विचारा, खालच्या सांगाड्यावर वरची बॉडी बसली की 'मॅरेज झालं' असंच म्हणतील. आमच्या ताईने तेवढ्यापुरत्या अक्षता टाकल्या. चौथा अंक म्हणजे निळे अंगडे-टोपडे, दारे, दिवे आणि मागचा पंख. हा पंख वरखाली करायला वेगळी किल्ली आहे. पुढच्या झाकणाखाली एक चिमुकली प्रवासाची बॅगसुद्धा ठेवलेली आहे. ताशी ४२० किलोमीटर धावणाऱ्या गाडीच्या मालकाला मुक्कामाला जायची वेळ कशाला येते, हे मला कळलेले नाही. तो संध्याकाळी सांगवी फाट्यावर आला असता तर गोष्ट वेगळी. तिथे बॅग लागली असती.

या कलाकृतीचा मोठा गुण असा की तिचे उत्तम काम दिसत नाही. चौथा अंक संपता संपता तो आठ गतींचा गिअरबॉक्स पोटात गडप होतो. ज्याच्यासाठी चार रात्री जागरण झाले, ती गोष्ट कुणाला दाखवताही येत नाही. ताईच्या शेजारी एक काका राहतात. पिंपरीच्या कारखान्यात चौतीस वर्षे फिटर होते. घराघरात जाऊन नळ, पंखे, जावई सगळ्यांची नुसत्या आवाजावरून परीक्षा करणारा माणूस. ते रोज संध्याकाळी येऊन बसत. पूर्ण झालेली गाडी पाहून पाहुणेमंडळी 'वा, काय रंग आहे!' म्हणत होती, तेव्हा काकांनी गाडी उताणी केली, मागचे चाक बोटाने फिरवले, कान लावला आणि म्हणाले, "आतलं काम स्वच्छ आहे." आमच्या साहित्यात अशी दाद द्यायला किमान एक ज्ञानपीठ लागते.

आता दोष. खरा समीक्षक इथे चष्मा पुसतो.

पेटीबरोबर जाडजूड पुस्तिका येते. तिच्यात पायऱ्यांमागून पायऱ्या, सगळ्या चित्रांत. हा तुकडा घे, इथे लाव. ही पिन घे, तिथे खोच. मुलगा सबंध दिवस काय करतो? तर सांगितलेले ऐकतो! आई-बापाचे एक वाक्य न ऐकणारा मुलगा त्या पुस्तिकेचे एक हजारदा ऐकतो, हे पाहून मेहुण्यांचे डोळे भरून आले. मला मात्र त्या पुस्तिकेत दहावीचा अपेक्षित प्रश्नसंच दिसू लागला. उत्तर छापलेले, क्रम छापलेला, गुण हमखास. लेगोचे आठ बोंडांचे साधे सहा ठोकळे घेतले तर ते एकमेकांना ९१,५१,०३,७६५ प्रकारांनी जोडता येतात, असे गणित्यांनी मोजून ठेवले आहे. सहा ठोकळ्यांचे एक्क्याण्णव कोटी! आणि ३,५९९ तुकड्यांची पेटी घेऊन पुस्तिका म्हणते, यांची एकच गोष्ट होते, आणि ती आम्ही करून ठेवली आहे.

पुस्तिका चुकली तर? ही नुसती शंका नव्हे. याच लेखकाची याआधीची कृती म्हणजे २०१६ सालची पोर्शे, २,७०४ तुकड्यांची. तिच्या गिअरबॉक्सचा क्रम लागायचा तो असा: पहिला, तिसरा, दुसरा, चौथा! पुस्तिकेत होते तसेच लोकांनी जोडले आणि कपाटावर ठेवले. थोड्या हौशी मंडळींनी मात्र चाके फिरवून वेग मोजले, घोटाळा कुठे आहे तो हुडकला, दातेरी चाकांची अदलाबदल केली आणि क्रम सरळ केला. माझ्या मते त्या पोर्शेचे खरे कर्ते तेवढेच. बाकीच्यांनी ती नुसती जोडली.

जोडणे आणि करणे यांतला हा फरक सांगवीला शिकवायची गरज नाही. सांगवीच्या घरोघरी सकाळी साडेपाचला कंपनीच्या बसची वाट पाहिली गेलेली आहे, आणि त्या बस ज्या कारखान्यांत गेल्या त्यांतल्या कितीतरींची सुरुवात पेटी उघडण्यापासूनच झाली. स्कूटर बजाजची, पण पुस्तिका इटलीच्या पियाज्जोची. ट्रक टाटांचा जमशेदपूरला १९५४ पासून, पण पुस्तिका जर्मनीच्या डायम्लर-बेंझची, आणि नाकावर ताराही त्यांचाच. पुढे १९९५ पासून मर्सिडीजच्या मोटारी पिंपरीत जोडल्या जाऊ लागल्या, त्याही सुट्या भागांच्या पेट्यांतून. कारखान्यात त्याला 'सीकेडी' म्हणतात. भाच्याच्या टेबलावर होती तीही सीकेडीच; फक्त जकात नाक्यावरून न येता कुरियरने आली.

यात कमीपणा काही नाही. काका सांगतात, "अरे, पहिल्यांदा दुसऱ्याच्या ड्रॉइंगवरच हात बसतो." खरी परीक्षा पुस्तिका परत मागितली जाते तेव्हा होते. डायम्लर-बेंझचा करार १९६९ साली संपला, तारा उतरला आणि त्या जागी टाटांचे अक्षर आले. पियाज्जोचा परवाना १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये 'चेतक' आली. मग एका पिढीने नवरा, बायको, दोन मुलं आणि भाजीची पिशवी अशी आठवी गती तिच्यावर साधली. १९९८ मध्ये 'इंडिका' आली, तेव्हा पिंपरीत कितीजणांनी पेढे वाटले ते सांगवीकरांना विचारा. काकांच्या घरी अजून त्या दिवसाचा फोटो आहे. त्यात गाडी अर्धीच आली आहे, काका पूर्ण आले आहेत. सगळ्याच उड्या जमतात असे नाही. २०१७ साली टाटांनी जिनिव्हाच्या प्रदर्शनात 'रेसमो' नावाची दोन माणसांची स्पोर्ट्स कार मांडली; ती रस्त्यावर आलीच नाही. पण ती न आलेली गाडीसुद्धा आपल्या ड्रॉइंगवरची होती, हे विसरू नये.

लेगोवाल्यांनाही हे कळते, असे म्हणायला जागा आहे. २०१८ साली त्यांच्याच माणसांनी याच शिरॉनची खऱ्या मापाची गाडी ठोकळ्यांतून केली. तुकडे दहा लाखांहून अधिक, वजन सुमारे दीड टन, खेळण्यातल्या छोट्या मोटरी २,३०४; आणि ती माणसाला बसवून ताशी वीस किलोमीटरच्या थोडी वर धावली. औंधहून सांगवीला येताना संध्याकाळी हाच वेग योग्य. त्या गाडीची पुस्तिका कुठल्याही पेटीतून निघालेली नव्हती. त्यांनी ती स्वतः लिहिली. म्हणजे मौज पुस्तिका लिहिणाऱ्याची, आणि आपल्याला मिळतो तो पाढा.

सध्या ताईच्या घरात या कलाकृतीवरून दोन पक्ष पडले आहेत. मेहुण्यांनी दिवाणखान्यात काचेचे कपाट करून घेतले आहे, आत दिवासुद्धा लावला आहे. गाडी त्यात विराजमान व्हावी, येणाऱ्याजाणाऱ्याने पाहावी आणि 'आमच्या चिरंजीवांनी केली' असे आपल्याला सांगता यावे, एवढी त्यांची साधी इच्छा आहे. चिरंजीवांच्या मनात निराळेच आहे. त्याने जर्नलच्या मागच्या पानावर एक आकृती काढली आहे. बुगाटीचा आठ गतींचा गिअरबॉक्स काढायचा आणि त्यावर उसाच्या रसाचा चरक चालवायचा!

"अरे, पण गाडी मोडावी लागेल!" मेहुणे कळवळले.

"बाबा, मोडायची नाही, सोडवायची."

"चरक फिरेल का पण?" मी विचारले.

"माहीत नाही, मामा. म्हणून तर करायचंय."

काकांनी चष्मा लावून आकृती पाहिली, खिशातून पेन्सिल काढली आणि एका दातेरी चाकावर गोल केला. "हे उलटं फिरेल. ऊस आत जायच्या ऐवजी बाहेर येईल," म्हणाले. मग दोघेही त्या पानावर वाकले. नऊ दिवसांत त्या पोराचा चेहरा मी असा पाहिला नव्हता. पुस्तिका समोर असताना तो फार शहाणा दिसायचा; आता पहिल्यांदाच अडलेला दिसत होता.

तेव्हा परीक्षणाचा समारोप. छपाई सुबक, मुखपृष्ठ आकर्षक, बांधणी मजबूत. किंमत अंमळ जास्त. मराठी परीक्षणाच्या शेवटी 'प्रत्येकाने आवर्जून संग्रही ठेवावी अशी कृती' असे लिहायची पद्धत आहे. बहुतेक वेळा ते पुस्तक न वाचताच लिहिलेले असते. मी ही कृती नऊ दिवस पाटावर बसून वाचली आहे, म्हणून अधिकाराने लिहितो: कृती उत्तम आहे, आणि कृपा करून कुणीही संग्रही ठेवू नये. काचेच्या कपाटात ठेवायला मेहुण्यांना दुसरे काही द्यावे. त्या काकांचा फोटो चालेल.