नझारा: मुकादम, उचल आणि मोबाइल गेम

गेम ‘पब्लिशर’ नेमकं काय करतो, हे बीड जिल्ह्यातल्या माणसाला समजावायला फार वेळ लागत नाही. मुकादम आठवायचा. मुकादम स्वतः ऊस तोडत नाही, कारखानाही त्याचा नसतो. तो कारखान्याकडून पैसे आणतो, टोळीला उचल देतो, आणि मग हंगामभराच्या मजुरीतून ती उचल फिटत जाते. पब्लिशरही गेम बनवणाऱ्या स्टुडिओला आधी पैसे देतो, गेम बाजारात नेतो, विक्रीतून आधी आपली उचल वळती करतो आणि मग उरलेल्यात स्टुडिओला वाटा देतो. मोठा फरक एकच. गेम आपटला तर सहसा पब्लिशरचे पैसे बुडतात. आमच्याकडे उचल बुडत नाही, ती पुढच्या हंगामाच्या डोक्यावर चढते.

ही तुलना मनात ठेवून मुंबईच्या नझारा टेक्नॉलॉजीजचा इतिहास वाचला, की एक गोष्ट खटकते. शेअर बाजारात ‘भारताची पहिली लिस्टेड गेमिंग कंपनी’ म्हणून मिरवलेल्या या कंपनीच्या पंचवीस वर्षांत खरेदी भरपूर आहे, वसुलीचे मार्ग भरपूर आहेत, पण उचल फारशी दिसत नाही. म्हणजे ज्याने अजून काही सिद्ध केलेलं नाही, अशा माणसाच्या हातावर आधी पैसे ठेवणं.

सुरुवात डॉटकॉमच्या लाटेत झाली. नितीश मित्तरसेन यांनी कॉलेजच्या वयात कंपनी काढली, आणि लाट ओसरल्यावर ती बुडता बुडता वाचली. तिला तारलं मोबाइल ऑपरेटरांनी. तेव्हा यूपीआय नव्हतं, बहुतेकांकडे क्रेडिट कार्ड नव्हतं. पाच-दहा रुपये डिजिटली घ्यायचा एकच रस्ता होता, तो म्हणजे सिमकार्डातला बॅलन्स. गेम ‘व्हॅल्यू ॲडेड सर्व्हिस’ म्हणून विकायचा, ऑपरेटरने बॅलन्स कापायचा आणि पैसे वाटून घ्यायचे. नझाराने हा धंदा भारतात केला, पुढे आफ्रिका आणि आखाती देशांतही नेला.

मी स्वतः पेमेंटच्या सिस्टिमवर कोड लिहितो, त्यामुळे या हुशारीची कदर करतो. गेम आवडणं आणि गेमचे पैसे मिळणं यांत मोठी दरी असते. ती ज्याने सांधली, तो टिकला. पण बिलिंगचा रस्ता गेमचा स्वभावही ठरवतो. पैसे पॅक चालू होताना मिळणार असतील, तर मेहनत कुठे जाणार? पॅक चालू करण्यात. न मागितलेले पॅक चालू होऊन बॅलन्स उडण्याच्या तक्रारी त्या काळात सगळीकडे होत्या. हा एका कंपनीचा दोष नव्हता, अख्ख्या व्यवस्थेचाच होता. अखेर जुलै २०१३ मध्ये ‘ट्राय’ने अशा सेवांसाठी ग्राहकाची दोनदा संमती घेणं बंधनकारक केलं.

२०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, ऑपरेटरचा दरवाजा अरुंद झाला. नझाराने रस्ता बदलला आणि खरेदी सुरू केली. चेन्नईची नेक्स्ट वेव्ह मल्टिमीडिया, म्हणजे ‘वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप’वाले. ईस्पोर्ट्सची नॉडविन. स्पोर्ट्सकीडा. लहान मुलांचं ‘किडोपिया’ बनवणारी पेपर बोट ॲप्स, जिचे पैसे भरणारे ग्राहक मुख्यतः अमेरिकेत. यातली एकही खरेदी वेडेपणाची नव्हती. पण प्रत्येक वेळी पीक डोलताना दिसल्यावर शेत घेतलं गेलं. पेरणीची जोखीम आधीच दुसऱ्या कुणीतरी उचलली होती.

मार्च २०२१ चा आयपीओ याच कथेचा कळस. ११०१ रुपयांना दिलेला शेअर १९०० च्या वर लिस्ट झाला. राकेश झुनझुनवाला यांचं नाव जोडलेलं असल्याने गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत चर्चा पोचली. पण सुमारे ५८३ कोटींचा हा इश्यू पूर्णपणे ‘ऑफर फॉर सेल’ होता. जुन्या भागधारकांनी आपले शेअर विकले आणि पैसे त्यांना मिळाले. गेमिंगच्या नावाने झालेल्या त्या जल्लोषातून नव्या गेमसाठी कंपनीच्या खात्यात एक रुपयाही आला नाही.

याच्या आदल्याच वर्षी पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ प्रसिद्ध केला होता. पहाडी चित्रशैलीचं वळण, दुर्गा आणि विष्णू यांच्या आवाजातलं निवेदन, भावाला शोधत निघालेली एक मुलगी. २०१७ मध्ये या टीमची किकस्टार्टर मोहीम फसली होती. पुढे गेम पूर्ण झाला, २०२० मध्ये निन्टेन्डो स्विच आणि मग इतर कन्सोलवर पोचला, पण पब्लिशर मिळाला तो परदेशी. भारताच्या ‘पहिल्या गेमिंग कंपनी’चं मुख्यालय पुण्यापासून तीन-चार तासांवर आहे. राजीला उचल द्यायला ती बांधील नव्हती, हे मान्य. पण अशा गेमसाठी आपल्याकडे दारच नव्हतं, हा काही योगायोग म्हणता येणार नाही. पंधरा-वीस वर्षं वसुलीभोवती उभ्या राहिलेल्या उद्योगात असं दार कोण कशाला बांधेल?

पुढचा टप्पा पैशांच्या खेळांचा. २०२१ मध्ये नझाराने रमीवाली ओपनप्ले घेतली. १ ऑक्टोबर २०२३ पासून अशा खेळांवर पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला, तेव्हा आपल्या उत्पन्नात या खेळांचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपासच आहे, असं कंपनीने सांगितलं. मग सप्टेंबर २०२४ मध्ये ‘पोकरबाझी’च्या मूनशाइन टेक्नॉलॉजीजमधला ४७.७ टक्के हिस्सा ८३२ कोटींना घ्यायचं जाहीर केलं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. कौशल्याचा खेळ असो वा नशिबाचा, पैसे लावून ऑनलाइन खेळवण्यावर बंदी आली. पोकरबाझीचा पैशांचा खेळ थांबला, नझाराचा शेअर कोसळला आणि गुंतवणुकीपोटी शेकडो कोटी कागदावरून पुसावे लागले.

गुंतवणूकदारांच्या भाषेत हा ‘रेग्युलेटरी रिस्क’. आमच्या भागात त्याला वेगळा चेहरा आहे. केज तालुक्यातला माझा एक वर्गमित्र अशाच एका रमी ॲपवर घरात आलेली उचल हरला. ॲप कुठलं, याला महत्त्व नाही, सगळ्यांची रचना सारखीच असते. आधी वेलकम बोनस, मग छोटे विजय, मग मोठं टेबल. बोनस ही सुद्धा उचलच, पण ती बनवणाऱ्याला नाही, खेळणाऱ्याला दिलेली. आणि ती फिटत नाही.

मे २०२५ मध्ये नझाराने ब्रिटनची कर्व्ह गेम्स सुमारे २४७ कोटींना घेतली. तिचा सगळ्यात गाजलेला गेम ‘ह्यूमन फॉल फ्लॅट’, ज्याच्या कोट्यवधी प्रती विकल्या गेल्या. तो बनवला लिथुआनियातल्या एका माणसाने, जवळपास एकट्याने. लिथुआनिया हा अठ्ठावीस-एकोणतीस लाखांचा देश. २०११ च्या जनगणनेत एकट्या बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५.८५ लाख होती. तेव्हा ‘आपल्याकडे टॅलेंट नाही’ आणि ‘आपलं मार्केट लहान’ या सबबी इथे पुरत नाहीत. त्या माणसाला वेळेवर पब्लिशर भेटला, इतकाच फरक आहे. आज त्या जुन्या विश्वासाचं फळ मुंबईच्या कंपनीच्या मालकीचं आहे, रोख पैसे मोजून घेतलेलं.

नझाराला खलनायक ठरवण्यात मला रस नाही. खेळाडू डाउनलोड भरपूर करतात आणि पैसे क्वचित भरतात, अशा देशात पंचवीस वर्षं तगून राहणं सोपं नाही. विशाल गोंदल यांची इंडियागेम्स ही मुंबईचीच, त्याच सुमाराला सुरू झालेली. ती आधी यूटीव्हीकडे आणि मग यूटीव्हीसोबत डिस्नेकडे गेली. नझारा विकली गेली नाही. २०२४ मध्ये तिने भारतीय स्टुडिओंचे गेम प्रकाशित करण्यासाठी वेगळा विभागही उघडला. उशिरा का होईना, हे मुकादमाचं खरं काम आहे.

त्या विभागाकडे पाहताना शेअरचा भाव बाजूला ठेवून तीन गोष्टी तपासू या. पहिलाच गेम करणाऱ्या किती टीमना पैसे मिळाले? गेम चालल्यावर त्याची मालकी कुणाकडे राहिली? आणि सेटिंग्जमध्ये भाषेची यादी उघडली, तर तिच्यात मराठी आहे का? तिसरा प्रश्न वाटतो तेवढा भाबडा नाही. रमीच्या जाहिराती आपल्याला मराठीत दिसायच्या. पैसे काढून घ्यायचे होते, तेव्हा आपली भाषा सगळ्यांना येत होती.