आराखड्याला पैसे आहेत, बसला?

अमेरिकेतल्या गरीब वस्त्यांमधल्या बससेवेवर वाचायला लागलं की एक अनुदान योजना हमखास भेटते: 'एरियाज ऑफ पर्सिस्टंट पॉव्हर्टी', म्हणजे पिढ्यानपिढ्या गरीब राहिलेले भाग. जनगणनेच्या ज्या तुकड्यात (साधारण चार हजार वस्ती) किमान २० टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली आहेत, तिथल्या बससेवेच्या नियोजनाचा किमान ९० टक्के खर्च केंद्र सरकार उचलतं.

हेतू चांगलाच आहे. छोट्या बससंस्थेकडे मार्ग नव्याने आखायला ना माणसं असतात, ना पैसे.

पण हे पैसे अभ्यासाचे, आराखड्याचे. बस चालवायचे नाहीत. दोन लाखांहून जास्त वस्तीच्या शहरी भागांत तर केंद्राचा नेहमीचा बसनिधीसुद्धा, काही अपवाद सोडले, तर चालकांच्या पगारावर किंवा डिझेलवर खर्च करता येत नाही. मग आराखड्यात 'दर १५ मिनिटांनी बस' असं लिहिलं, तरी ती चालवणार कोण?

याची किंमत प्रवासी मोजतो. कामावरून दमून आलेली बाई संध्याकाळच्या बैठकीला येते, बस कुठे हवी ते सांगते. अहवाल छान छापला जातो, बस येत नाही. पुढच्या बैठकीला ती कशाला येईल?

माझं म्हणणं साधं आहे. नियोजनाच्या अनुदानातच सुचवलेला एखादा मार्ग वर्षभर चालवून बघण्याचा खर्च धरा. आराखडा बरोबर होता की नाही, हे शेवटी थांब्यावरच कळतं.