बाल्झाकचा गोरियो : देण्याच्या मर्यादेचा प्रश्न

ओनोरे द बाल्झाक याची ‘ल पेर गोरियो’ ही कादंबरी प्रथम १८३४-३५ मध्ये ‘रव्ह्यू द पारी’ या नियतकालिकातून क्रमशः आली व १८३५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. आपल्याकडील पदव्युत्तर विद्यार्थी तिच्याकडे बहुधा ‘किंग लिअर’च्या वाटेने येतो, आणि मराठीच्या विद्यार्थ्याच्या वाटेवर तर १९७० पासून शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ही उभे आहे. त्यामुळे गोरियोचे काय झाले, या प्रश्नाचे उत्तर कादंबरी उघडण्यापूर्वीच त्याच्यापाशी तयार असते. बापाने सर्वस्व दिले, मुली कृतघ्न निघाल्या. हे उत्तर खोटे नाही; पण ते अपुरे आहे, आणि त्याच्या आड कादंबरीतील खरा अवघड प्रश्न झाकला जातो, असे मला वाटते. विवाह होऊन परघरी गेलेली, जाणत्या वयाची, तरीही एका अडचणीतून दुसऱ्या अडचणीत पडणारी अपत्ये पुनःपुन्हा दाराशी येतात, तेव्हा बापाने त्यांना किती द्यावे व कोणत्या रीतीने द्यावे, हा तो प्रश्न होय.

लिअरच्या मुली अडचणीत नाहीत. आप्पासाहेब बेलवलकरांची मुलेही नाहीत. या दोन्ही ठिकाणी दान एकदाच घडते, ते दात्याच्या स्वतःच्या इच्छेने घडते, आणि पुढचे सारे नाट्य त्या दानानंतरच्या अपमानाचे आहे. गोरियोचे दान मात्र हुंड्यापाशी संपत नाही. किंबहुना त्याची खरी कथा हुंड्यानंतर सुरू होते. कादंबरीत लिअरची आठवण करून देणारी हकीकत सांगते ती लांज्येची डचेस. वीस वर्षे प्रेम दिले आणि एका दिवसात संपत्ती देऊन टाकली, असा तिच्या कथनाचा सूर आहे. पण ही बाई ऐकीव गोष्ट सांगते आहे, हे विसरून चालणार नाही. त्या दिवाणखान्यातील बोलण्यानुसार प्रत्येक मुलीला पाचसहा लक्ष फ्रँक मिळाले. मृत्युशय्येवरील गोरियो सुमारे आठ लक्षांचा आकडा सांगतो. पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या बाल्झाकने ही तफावत तशीच राहू दिली आहे. दिवाणखान्यात गोरियोची गोष्ट लिअरची गोष्ट होते; खानावळीच्या जिन्यावर ती निराळी असते.

तो जिना पाहण्यासारखा आहे. क्रांतीच्या काळात धान्याच्या तेजीवर श्रीमंत झालेला हा शेवयांचा कारखानदार मुलींच्या व जावयांच्या आग्रहाला पाच वर्षे तोंड देऊन अखेर धंद्यातून निवृत्त होतो, आणि १८१३ मध्ये मादाम व्होकेच्या खानावळीत वर्षाला १२०० फ्रँक देऊन पहिल्या मजल्यावर राहावयास येतो. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस तो दुसऱ्या मजल्यावर जातो व ९०० फ्रँक देऊ लागतो. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस तिसरा मजला, महिना ४५ फ्रँक. तपकीर सुटते, केशभूषाकार सुटतो, कपडे विटतात. मजला चढत जातो तसतसा माणूस खाली येतो. मुली कधीमधी लपतछपत येतात, तेव्हा या उंची पोशाखातल्या स्त्रिया म्हाताऱ्याच्या रखेल्याच असणार, असे खानावळीतील मंडळी ठरवून टाकतात. त्या पोटच्या मुली आहेत यावर कोणाचाच विश्वास बसत नाही. आणि एक बारकावा असा, की ९०० फ्रँकांचा करार होईपर्यंत घरमालकीण त्याला ‘मस्यू’ गोरियो म्हणते. त्या दिवसापासून तो ‘पेर’ गोरियो होतो. फ्रेंचमध्ये ‘पेर’ म्हणजे बाप, आणि हलक्या दर्जाच्या म्हाताऱ्याला तुच्छतेने मारावयाची हाकही तीच. कादंबरीचे शीर्षक हे अशा रीतीने एका दरकपातीतून जन्मले आहे. मराठीत ‘बाबा’ म्हटले तर तुच्छता जाते, ‘म्हातारा’ म्हटले तर बाप जातो. भाषांतरकाराला येथे काहीतरी गमवावेच लागेल.

आता या पैशाचे जाते काय, ते पाहू. धाकटी देल्फिन ही बॅरन नुसिंगेन या बँकरची पत्नी. तिचा हुंडा लक्षावधींचा. पण ज्या दिवशी ती रास्तिन्याकला जुगाराच्या अड्ड्यावर पाठविते, त्या दिवशी तिच्या थैलीत अवघे १०० फ्रँक असतात. रास्तिन्याक त्यांचे ७००० करून आणतो, तेव्हा पूर्वीच्या प्रियकराचे ६००० ती फेडू शकते. थोरली आनास्तासी काउंट द रेस्तोची पत्नी. ती माक्सीम द त्राय या जुगारी प्रियकराचे देणे फेडण्यासाठी सासरचे हिरे गोब्सेक सावकाराच्या हवाली करते. म्हणजे बापाने दिलेला पैसा एकीकडे बँकरच्या जमिनीच्या सट्ट्यात अडकला आहे आणि दुसरीकडे जुगाऱ्याच्या मेजावर वाहून चालला आहे. दोन्ही मुली श्रीमंत घरातल्या निष्कांचन स्त्रिया आहेत.

हा केवळ दुर्दैवाचा खेळ नव्हे. १८०४ च्या फ्रेंच दिवाणी संहितेने विवाहित स्त्रीला व्यवहारापुरते जवळजवळ अज्ञान ठरविले होते, आणि तिने आणलेल्या धनाचा कारभार सामान्यतः पतीच्या हाती जाई. १८१६ मध्ये घटस्फोटही रद्द झाला, तो १८८४ पर्यंत परत आला नाही. कादंबरीतील घटना १८१९ च्या नोव्हेंबरपासून १८२० च्या फेब्रुवारीपर्यंतच्या आहेत. म्हणजे या दोघींना सुटकेचे दार नाही. जावयाला दहावा ग्रह म्हणण्याची आपल्याकडे जुनी थट्टा आहे. बाल्झाकच्या पॅरिसमध्ये त्या ग्रहाला संहितेचेच पाठबळ होते. स्त्रीधनाची आपली जुनी कल्पना, किंवा दुसऱ्याच्या हाती गेलेला हुंडा वधूला परत द्यावा असे सांगणारे १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याचे सहावे कलम, यांच्याशी तुलना करून पाहावी. नियम असणे आणि तो पाळला जाणे यांत अंतर आहे हे खरे. पण दिलेले धन नेमके कोणाचे, हा प्रश्न तरी त्या नियमांनी विचारला आहे. गोरियो तो फार उशिरा विचारतो. देल्फिनचे धन सोडविण्यासाठी देर्व्हील या वकिलाची मदत घेतली जाते, तोवर नुसिंगेनने ते असे गुंतविलेले असते की मागणी केली तर बुडते, न केली तर त्याच्या ताब्यात राहते.

‘किती’ हा प्रश्न येथे ‘कोणापर्यंत’ या प्रश्नावाचून सुटत नाही. गोरियोने अर्धे दिले असते तरी ते नुसिंगेनकडेच गेले असते, फक्त अर्धे गेले असते.

याहून खोल अशी दुसरी गोष्ट आहे. आपल्यापाशी किती उरले आहे, हे गोरियो मुलींना कधीच सांगत नाही. रू दार्त्वामध्ये देल्फिन व रास्तिन्याक यांच्यासाठी घर सजवावयाचे म्हणून तो १३५० फ्रँकांचे कायमचे उत्पन्न विकतो, १२०० फ्रँकांची हयातीपुरती वर्षासने घेतो, आणि उरलेल्या भांडवलातून दुकानदारांची बिले भागवितो. थोरलीला याची वार्ता नाही. पुढे ती १२००० फ्रँकांसाठी धावत येते तेव्हा, बाबा, तुमच्या उत्पन्नाचे काय झाले, असा तिचा पहिला प्रश्न असतो. या प्रश्नाला स्वार्थी म्हणणे सोपे आहे. पण तो खऱ्या अज्ञानातूनही आला आहे. तिच्या लेखी बापाची तिजोरी अजून भरलेली आहे, कारण तिला कोणी तसे नाही असे सांगितलेलेच नाही. मग त्या खोलीत बापासमोर दोघी बहिणींचे जे भांडण जुंपते ते कादंबरीतील सर्वांत क्रूर दृश्य होय. आणि त्याची ठिणगी गोरियोच्या मौनाने पडली आहे. एकीला दिलेले दुसरीला ठाऊक नसणे, ही लपविलेली असमानता उघड नकारापेक्षा अधिक घातक ठरते. हा म्हातारा त्या क्षणी चोरी करण्याच्या, बदली सैनिक म्हणून स्वतःला विकण्याच्या गोष्टी बोलतो. ‘नाही’ हा शब्द मात्र त्याला तेव्हाही आपल्या तोंडाने उच्चारता येत नाही. दुसऱ्या दिवशी थोरलीच्या मेजवानीच्या पोशाखासाठी १००० फ्रँक हवे असतात. तो ६०० फ्रँकांची चांदी विकतो आणि ४०० फ्रँकांसाठी वर्षासनाचा दस्तऐवज गोब्सेककडे गहाण टाकतो. त्यानंतर तो अंथरुणावरून उठत नाही.

याच कादंबरीत मदत करणारे दुसरेही एक घर आहे, आणि त्याकडे समीक्षकांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही असे मला वाटते. आंगुलेमजवळ राहणारे रास्तिन्याक कुटुंब मुळातच ओढगस्तीचे. मुलगा पॅरिसहून १२०० फ्रँक मागतो. आई ते पाठविते, बहिणी आपल्या शिलकीतून ३५० फ्रँक पाठवितात. परंतु आईचे पत्र वाचावे. पैशाचा उपयोग नीट कर, असे ती बजावते. आणि पुढे स्पष्ट सांगते, की वडिलांना कळू न देता एवढी रक्कम पुन्हा उभी करणे, तुझा जीव वाचवावयाचा झाला तरी, मला शक्य होणार नाही. त्या पत्रात माया कमी नाही. फरक एवढाच की आईने आपली शिल्लक मुलाला दाखविली आहे. देणाऱ्याचे किती मोडले हे त्याला कळते, आणि पत्र वाचून तो रडतो. गोरियोच्या मुलींना असे रडण्याची संधी बापाने कधी दिलीच नाही.

मराठीत या प्रश्नाच्या अधिक जवळ जाणारी कृती ‘नटसम्राट’ नव्हे, तर तेंडुलकरांचे १९८३ चे ‘कन्यादान’ होय. नाथ देवळालीकर मुलीला पैसा देत नाहीत. नवऱ्याचा मार खाणाऱ्या ज्योतीचा संसार टिकावा म्हणून ते जावयाच्या आत्मचरित्राची जाहीर सभेत, मनाविरुद्ध, स्तुती करतात. मदतीचे नाणे निराळे, पण रीत गोरियोचीच : मुलीपर्यंत पोहोचण्यासाठी जावयाला देणे, आणि खरे काय ते लपविणे. फरक असा, की ज्योतीला ते ओळखू येते, आणि ती बापाला त्याचा जाब विचारून त्याची मदत नाकारते. बाल्झाकच्या मुलींपाशी हे बळ नाही. त्यांना ते यावे असे त्यांच्या वाढविण्यात काहीच नव्हते.

मृत्युशय्येवरचे गोरियोचे दीर्घ स्वगत हे कादंबरीचे शिखर मानले जाते. माझे मत थोडे वेगळे आहे. बाल्झाक येथे त्याला ख्रिस्ताच्या पंक्तीला बसवितो, आणि इतक्या सावधपणे मांडलेला हिशेब अश्रूंच्या पुरात वाहून जाऊ देतो. तरीही त्या बरळण्यात दोन निदाने आहेत. एक असे, की बापाने नेहमी श्रीमंत राहावे आणि मुलांचा लगाम हाती ठेवावा. वाचक बहुधा हेच उचलतो. पण हाती ठेवलेल्या पैशाने मुली भेटीला आल्या असत्या, त्यांच्या अडचणी फिटल्या नसत्या. तो मदतीचा नव्हे, सोबत विकत घेण्याचा उपाय आहे. दुसरे निदान अधिक खरे आहे : मुली बिघडल्या त्या माझ्यामुळे, मीच त्यांना लाडावले, असे तो कबूल करतो. त्याच श्वासात तो दिवाणी संहितेचा धावाही करतो, आणि तो निराधार नाही. त्या संहितेचे २०५ वे व २०६ वे कलम अपत्यांवरच नव्हे, जावयांवरही निर्वाहाची जबाबदारी टाकते. आपल्याकडील २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याचे २३ वे कलम, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता ती अट मोडल्यास परत मिळविण्याची वाट दाखविते. आप्पासाहेबांना तिचा उपयोग झाला असता. गोरियोला नाही, अट घालून देणे हे त्याच्या प्रेमात बसणारे नव्हते, कारण देणे हीच त्याची भूक होती.

मुली अखेरीस येत नाहीत, त्याची कारणेही पुन्हा पैशाकडेच जातात. देल्फिन बापासाठी नवऱ्याकडे पैसे मागते आणि त्या वादात मूर्च्छित पडते. आनास्तासीला नवरा अडवून ठेवतो, ती येते तेव्हा बाप शुद्धीवर नसतो. अंत्यविधीचा खर्च रास्तिन्याक व बियांशाँ हे दोन विद्यार्थी करतात. पेर-लाशेजच्या दफनभूमीपर्यंत रेस्तो व नुसिंगेन यांच्या कुलचिन्हांच्या दोन रिकाम्या गाड्या मागोमाग येतात.

आईच्या पत्राने रास्तिन्याक सुधारला असे मात्र कोणी समजू नये. त्या १५५० फ्रँकांतून त्याने शिंप्याकडून नवे कपडे शिवून घेतले, आणि गोरियोला मूठमाती दिल्यावर तो नुसिंगेनच्या घरी जेवावयास गेला. १८३८ च्या ‘ला मेझाँ नुसिंगेन’मध्ये तो त्याच बँकरच्या उलाढालींतून श्रीमंत झालेला आपल्याला भेटतो.