शेपटावरून फाइल ओळखावी काय?

संगणकाचा परिचय करून देताना वर्गात सहसा एक वाक्य सांगितले जाते: नावातील टिंबानंतरची तीन अक्षरे पाहा, फाइल कोणत्या प्रकारची ते कळते. डॉक म्हणजे मजकूर, जेपीजी म्हणजे चित्र. नेटवर्कवरील सामायिक साठ्यातून फाइली शोधण्याची रीतही यावरच बेतलेली: तारांकन, टिंब आणि डॉक एवढे लिहायचे. वाक्य सोयीचे आहे. पण विज्ञान म्हणून ते आम्हांला अपुरे वाटते.

ही अक्षरे म्हणजे बाहेरून चिकटवलेली चिठ्ठी. बरणीवर ‘मीठ’ लिहिल्याने आतली साखर खारट होत नाही. चित्राच्या फाइलीच्या नावाअखेर टीएक्सटी लिहून पाहा. आतला एक बाइटही बदलत नाही, शोध मात्र चुकतो. खरी ओळख पुष्कळदा पहिल्या काही बाइटांत असते. पीडीएफ फाइल टक्क्याच्या चिन्हाने व पीडीएफ या अक्षरांनी सुरू होते. झिप फाइल पी-के या, तिचा जनक फिल कॅट्झ याच्या आद्याक्षरांनी. युनिक्समधील ‘फाइल’ ही आज्ञा असेच बाइट तपासते. यातही गोम आहेच. डॉकएक्स फाइल आतून झिपच असते, म्हणजे आणखी आत डोकवावे लागते.

विंडोजने तर ही चिठ्ठीसुद्धा आपण होऊन झाकून ठेवली. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ हा संगणक-कृमी पसरला, त्याला हाच आडोसा मिळाला: शेवटी टीएक्सटी दिसे, त्यापुढचे व्हीबीएस झाकलेले.

आता मंगरूळपीरचे उदाहरण घेऊ. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला आणि हा तालुका त्यात आला. त्याआधीचे कागद संगणकावर असतील, तर ते ‘अकोला’ नावाच्या फोल्डरात असण्याचा संभव अधिक. रोमन लिपीत गावाचे नाव कधी एक शब्द, कधी दोन. ‘पीर’चे स्पेलिंगही ज्याचे त्याचे. म्हणजे नावाने शोध फसतो. मजकुराने शोधावे, तर त्या काळचे मराठी श्रीलिपीसारख्या फॉन्टांत, इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले. युनिकोडमध्ये ‘मंगरूळपीर’ लिहिले तर डोळ्यांसमोरची फाइलही सापडत नाही. उरतो तो फाइलीचा प्रकार. तोही शेपटावर सोडला, तर जुना दाखला मागायला आलेल्या माजी विद्यार्थ्याला ‘नाही’ असे सांगितले जाईल, आणि दाखला साठ्यातच पडून असेल.

पहिले बाइट वाचणे महाग पडते, हा आक्षेप खरा आहे. नावांची यादी सर्व्हर फोल्डरागणिक एकगठ्ठा देतो; बाइट वाचायला मात्र प्रत्येक फाइल उघडावी लागते. एका फाइलीस १० मिलिसेकंद धरले, तर ५०,००० फाइलींना ५०० सेकंद, म्हणजे आठ मिनिटांहून अधिक. पण शोध आपल्या टेबलावरून न चालवता सर्व्हरवरच चालवला, तर नेटवर्कवरच्या या खेपा वाचतात. शिवाय लिनक्समध्ये शेवटी मोठ्या अक्षरांतले डॉक आणि लहान अक्षरांतले डॉक ही दोन वेगळी नावे. तेथे हा भेद न पाळणारा शोध मागावा लागतो.

सर्वांत घातक आम्हांला वाटते ती वेगळीच गोष्ट. ज्या फोल्डरात आपल्याला परवानगी नाही, तो बरीच शोध-साधने मुकाट्याने वगळतात आणि पडद्यावर उत्तर येते: ‘सापडले नाही’. ‘पाहिले नाही’ असे लिहून येत नाही. वगळलेल्या फोल्डरांची यादी साधनाने द्यायलाच हवी. देत नसेल, तर परवानगी असलेल्या व्यक्तीकडून तोच शोध पुन्हा करवून घ्यावा.