‘केवळ संशोधनासाठी’ : एका लेबलाच्या भाषेची चिकित्सा

पेप्टाइडांच्या कुपीवर छापलेले ‘केवळ संशोधनासाठी; मानवी उपयोगासाठी नव्हे’ हे वाक्य वाचताना भाषेच्या अभ्यासकास प्रश्न पडतो : हे विधान आहे, आज्ञा आहे, की नुसता बचाव? त्यात कर्ता नाही. कोणी कोणास बजावले, हे त्यामुळे अनुक्तच राहते.

अमेरिकेच्या संघीय नियमावलीतील कलम २१–३१२.१६० याहून पुष्कळ नेमके आहे. प्रयोगशाळेतील प्राण्यांवरील अथवा काचपात्रातील चाचण्यांसाठी नवे औषध पाठवावयाचे, तर त्यावर ठराविक शब्दांतील सावधानसूचना हवी. परंतु कलम तेथेच थांबत नाही. घेणारा अशा चाचण्या नियमितपणे करणारा आहे आणि माल खरोखर त्याच कामी येणार आहे, याविषयी पाठवणाऱ्याने योग्य दक्षता घ्यावयाची. घेणाऱ्या तज्ज्ञाचे नाव व पत्ता, तारीख, परिमाण आणि बॅच-क्रमांक यांची नोंद पाठवणीनंतर २ वर्षे जपावयाची. लेबल हे या व्यवहाराचे केवळ एक अंग होय. अनेक विक्रेत्यांनी तेवढेच उचलले व उरलेली कर्तव्ये गाळली.

उक्तीने कृती घडते, पण ती अनुकूल परिस्थिती असेल तरच, हे ऑस्टिन यांचे प्रतिपादन (ग्रंथरूपाने १९६२) येथे उपयोगी पडते. कायद्याची दृष्टीही तीच आहे. अमेरिकेच्या १९३८ च्या कायद्यानुसार एखादी वस्तू औषध ठरते ती प्रामुख्याने तिच्या उद्दिष्ट उपयोगावरून. आणि तो उपयोग लेबलाप्रमाणेच जाहिरातीवरून व विक्रीच्या परिस्थितीवरूनही ताडला जातो. डिसेंबर २०२४ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने सेमाग्लुटाइडसारखी द्रव्ये विकणाऱ्या काही विक्रेत्यांना इशारापत्रे धाडली, ती याच तर्काने. लेबल एक सांगत होते, जाहिरात दुसरेच.

तथापि कलमही निर्दोष नव्हे. ‘योग्य दक्षता’ म्हणजे किती, याचे माप ते देत नाही. आणि विशेषणाच्या या सैलपणातच पळवाट संभवते. तिची किंमत मात्र निर्जंतुकतेची हमी नसलेले द्रव्य टोचून घेणाऱ्या माणसास मोजावी लागते.

म्हणून खरेदी करणाऱ्या विभागाने लेबलावर विसंबू नये. द्रव्य कोणी मागविले, कोणत्या प्रयोगासाठी, कोणत्या बॅचचे, आणि उरलेल्याचे काय झाले, हे नोंदवहीत पूर्ण वाक्यांत लिहावे. लेबलाने गाळलेला कर्ता तेथे तरी सापडला पाहिजे.