चीवर आणि आपली कविता

हल्ली आपल्या कवितेत चीवर फार फडफडू लागलंय. पहाट चीवर नेसते, पळस चीवर पांघरतो. दिसायला छान. पण मित्रांनो, मी गिरणीत साच्यावर काम करतो. कापड दिसलं की मी आधी विचारतो, हे आलं कुठून, फाटल्यावर जाणार कुठं? या कविता ते विचारत नाहीत, म्हणून त्या मला कच्च्या वाटतात.

विनयपिटकात याची उत्तरं आहेत. सुरुवातीचे भिक्खू उकिरड्यावरच्या, स्मशानातल्या चिंध्या वेचत, धुऊन शिवत आणि झाडांच्या साली-मुळांच्या रंगात बुडवत. यालाच पांसुकूल म्हणतात. पुढे जीवक वैद्यानं उंची कापड दिलं तेव्हा बुद्धानं गृहस्थांचं दान घ्यायला मोकळीक दिली. तरी नवं कापडही आधी कापायचं आणि तुकडे जोडूनच शिवायचं, म्हणजे कुणाला त्याचा लोभ सुटणार नाही. मगधातली बांध घातलेली शेतं दाखवून बुद्धानं नमुना सांगितला, आनंदानं तो बेतला.

आता मनुस्मृती बघा. बुद्धानंतर काही शतकांनी रचलेल्या या ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात चांडाळाला मेलेल्यांची वस्त्रं नेमून दिलीत. गावगाड्यात मढ्यावरचं कापड हा महाराचा 'हक्क' झाला तो याच रीतीनं. कापड तेच, स्मशानातलं. मनूनं ते जन्मावरून अंगावर लादलं. बुद्धाच्या संघात ते शाक्य राजपुत्रांनी नेसलं, ब्राह्मणांनी नेसलं, आणि उपाली न्हाव्याला आधी दीक्षा मिळाल्यामुळं राजपुत्रांना त्याच्या पाया पडावं लागलं. ज्यांच्या आज्यांनी मढ्यावरचं लुगडं नेसलं, त्यांच्या नातवांना चीवरात फक्त केशरी रंग दिसावा?

फाटल्यावरचंही ऐका. उदेन राजानं आनंदाला विचारलं, एवढ्या चीवरांचं करता काय? आनंदानं हिशेब दिला. जुन्या चीवराच्या गादीच्या खोळी होतात, मग अंथरूण, मग पायपुसणं, मग धूळ झटकायचं फडकं. शेवटी चिंध्या कुटून चिखलात कालवतात आणि त्यानं जमीन सारवतात. सूत वाया जात नाही. असा हिशेब आमच्या मालकांनाही येत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी पांढऱ्या कपड्यांतच दीक्षा घेतली, चीवर घेतलं नाही. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत ते विचारतात, भिक्खू कशासाठी? स्वतःपुरता पूर्ण पुरुष व्हायला, की समाजाची सेवा करायला? हाच प्रश्न कवितेतल्या चीवरालाही लावा. ते कुणाच्या उपयोगी पडतं का?

चीवरावर लिहा, जरूर लिहा. पण त्यात उकिरडा येऊ द्या, सुई येऊ द्या. आजही पाठीवर गोणी घेऊन चिंध्या वेचत फिरणारी आपलीच बाई येऊ द्या. तिला जागा नसेल, तर त्या ओळी खोडा.

जय भीम.