वाडा आणि गुलामवस्ती

ब्राझीलचे समाजशास्त्रज्ञ जिल्बेर्तो फ्रेरे यांच्या 1933 सालच्या ग्रंथाच्या मूळ पोर्तुगीज नावात माणसे नाहीत, दोन वास्तू आहेत : मळेवाल्याचा वाडा आणि गुलामांची वस्ती. 1946 साली सॅम्युएल पट्नम यांच्या इंग्रजी भाषांतरात त्यांचे ‘मालक आणि गुलाम’ झाले. हा फेरफार क्षुल्लक नव्हे. वास्तूंच्या शेजारावरच फ्रेरे यांचा सारा युक्तिवाद उभा आहे. वाड्यातले मूल आफ्रिकी दाईच्या दुधावर आणि कथांवर वाढले. या जवळिकीवरून ब्राझीलमधील वर्णसंबंध सौम्य असल्याचे अनुमान अनेकांनी काढले. (सालाझारच्या राजवटीने तर याच विचाराचा वसाहती राखण्यासाठी उपयोग केला, 1951 साली तिच्या निमंत्रणावरून फ्रेरे गोव्यासही येऊन गेले.) अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आफ्रिकी रक्ताचा एक थेंब माणसाची जात ठरवी, ब्राझीलमध्ये वर्णच्छटांना अनेक नावे आहेत, हा भेद खराच. पण छटा वाढल्याने उतरंड मोडत नाही.

मार्क ट्वेन यांच्या ‘पुडनहेड विल्सन’ (1894) मधील रोक्साना दिसावयास गोरी, आफ्रिकी रक्त अवघा सोळावा हिस्सा. तरी कायद्याने गुलाम. तिने पाळण्यात बदललेली मुले अखेर बोटांच्या ठशांनी ओळखली जातात. मात्र गुलाम म्हणून वाढलेल्या खऱ्या वारसाला गोऱ्यांच्या दिवाणखान्यात बसवत नाही.

माशादो द आसिस यांना अशा कायद्याची गरज भासली नाही. मुक्त गुलामांच्या या नातवाची ‘ब्रास कुबास’ ही कादंबरी 1881 साली ग्रंथरूपाने आली, तेव्हा ब्राझीलमधील गुलामगिरी संपण्यास सात वर्षे अवकाश होता. धन्याचा मुलगा ब्रास बालपणी प्रुदेन्सियो या गुलाम पोराच्या तोंडात दोरीचा लगाम घालून पाठीवर बसे. पुढे मुक्त झालेला प्रुदेन्सियो त्याला भर चौकात दिसतो, स्वतः विकत घेतलेल्या गुलामास फोडून काढताना. आपला मार याने व्याजासह दुसऱ्यास पोचता केला, याची ब्रासला गंमतच वाटते. फ्रेरेही क्रौर्य लपवीत नाहीत. पण ते वाड्याच्या ओसरीवरून पाहतात, माशादो त्या ओसरीवरच्या माणसालाच बोलते करतात.

या प्रसंगी भाषांतरकाराची कसोटी एका संबोधनात आहे. ब्रासने सांगताच प्रुदेन्सियो चाबूक आवरतो आणि त्यास ‘न्योन्यो’ म्हणतो. मराठीत ‘साहेब’ येथे चालणार नाही. ‘धाकटे धनी’ म्हणावे लागेल.